तांबडा तीळ

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी तक्रार आली. लांबच्या गावातल्या एका फोटो लॅबची होती. तुमच्या कंपनीच्या एका जुन्या कॅमेऱ्यातले फोटो मोठे छापले की प्रत्येकात एकाच जागी तांबडा ठिपका येतो. गिऱ्हाईक म्हणतं, तो पुसू नका, तसाच राहू द्या. पण असं छापलं तर नाव आमचं खराब होतं. उपाय कळवावा. सोबत नमुन्याचा एक फोटो.

तक्रार सेन्सर तपासणीच्या खोलीत गेली. ठिपके हे त्या खोलीचं खातं. कॅमेऱ्याच्या आत, भिंगाच्या मागे, सेन्सर म्हणून एक चकचकीत पट्टी असते आणि तिच्यावर प्रकाश झेलणारे लाखो कप्पे असतात. भिंगाला झाकण घालून मिट्ट काळोखाचा फोटो काढायचा आणि काळोखातही कोणता कप्पा उगाच उजळतो ते शोधायचं, हे तिथलं काम. बाकीचे लोक त्या खोलीला 'दिवे लावणाऱ्यांची खोली' म्हणतात. तिथल्या बाई घरी दोन भावंडांत थोरल्या. घर त्यांना थोरलीच म्हणतं, आपणही तेच म्हणू.

'तसाच राहू द्या' या शब्दांवर थोरलीची नजर अडली. तिने फोटो उघडला. संध्याकाळच्या सावलीतली एक लांब भिंत, भिंतीला टेकून रिकामी खुर्ची. तिने तो ताणून पाहिला. ठिपका कुठेच नव्हता.

नसणारच. लॅबने फोटो धाडायला सोपा जावा म्हणून लहान केला होता. फोटो लहान करताना सोळा कप्प्यांची सरासरी काढून एकच टिंब उरतं. पंधरा करड्यांत एक तांबडा म्हणजे हंडाभर पाण्यात चिमूटभर हळद.

तिने लॅबला फोन लावला.

"मूळ फाइल पाठवा. कॅमेऱ्यातून निघाली तशी."

"मोठी आहे हो बाई ती. आमचं इंटरनेट म्हणजे आजारी माणूस."

"कितीही वेळ लागू दे. आणि गिऱ्हाईक कोण आहे?"

"ते नाही सांगता येणार. उद्या तुमचं नाव कोणी विचारलं आणि आम्ही सांगितलं, तर चालेल तुम्हाला?"

तिला चाललं असतं.

तोवर विक्री विभागाचे साहेब डोकावले. खोक्यावर कप्प्यांचा किती मोठा आकडा छापायचा, एवढाच त्यांचा ध्यास. म्हणून त्यांचं नाव आकडेशास्त्री.

"एका ठिपक्यासाठी सकाळ घालवताय? जुना कॅमेरा मागवून घ्या, नवा द्या. नव्यात आठपट कप्पे आहेत."

"सेन्सर तेवढाच आहे, साहेब. खोली तीच ठेवून पाहुणे आठपट बोलावले की गर्दी दिसते, माणसं दिसत नाहीत. कप्पा लहान झाला की प्रकाश कमी मावतो आणि शेजाऱ्याच्या अंगावर सांडतो."

"गिऱ्हाईक खोली बघत नाही, पाहुणे मोजतं."

"म्हणून तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

"आणि जुन्याचं काय करायचं?"

"परत आला की मोडीत जाईल. थांबा जरा."

थांबा का, हे तिने सांगितलं नाही, आणि शास्त्रीबुवांना दुसरीकडे आकडे होते.

कंपनीने एका वर्षी प्रयोग म्हणून मोजके कॅमेरे वेगळ्या घडणीचे केले होते. कप्पे कमी, पण ऐसपैस. एरवी बारीक विणीच्या कापडावर फोटोत खोट्या लाटा उठू नयेत म्हणून सेन्सरवर चित्र अंमळ मऊ करणारी पातळ काच बसवतात. या कॅमेऱ्यांत तीही नव्हती. पापणीचा केस न् केस मोजता यायचा. पण खोक्यावरचा आकडा लहान दिसला आणि घडण बाद झाली. त्यातल्या एका नगाचा एक तांबडा कप्पा कायम भरलेलाच दाखवायचा. तपासणीत तो नग थोरलीनेच नापास केला, मग कंपनीकडून मागून घेतला आणि धाकट्या भावाला दिला.

पहिलाच फोटो छापून आला तेव्हा धाकटा ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला होता, "ताई, तुझ्या कारखान्याला गोवर आलाय." आई म्हणाली, "राहू दे रे. तीळ आहे तो. हरवलं तर ओळखायला काहीतरी खूण लागतेच."

वडिलांचं म्हणणं, फोटोंनी पोट भरत नाही. धाकट्याचं म्हणणं, पोट भरलेल्यांना फोटो काढता येत नाहीत. शब्दाने शब्द वाढला आणि एके दिवशी तो गळ्यात कॅमेरा अडकवून जिना उतरला. त्याला सात वर्षं झाली. मधे वडील गेले. ते त्याला कळलं की नाही, हे घरात कोणालाच ठाऊक नाही.

घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेले. थोरलीने दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरचं एक घर पाहून ठेवलं होतं. मालकाला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. आईचं उत्तर ठरलेलं.

"तो आला तर याच दारात येईल. कुलूप बघून परत गेला म्हणजे?"

"शेजारी सांगतील."

"शेजारी दर वर्षी बदलतात. दार तेवढं तेच आहे."

मूळ फाइल दुपारी उतरली. थोरलीला कप्प्याची ओळ आणि रकाना पाठ होते. ती सरळ तिथे गेली. उजवीकडे वरच्या कोपऱ्याशी, भिंतीच्या सावलीत, तांबडी बारीक फुली होती. प्रत्येक कप्पा तांबडा, हिरवा, निळा यांतला एकच रंग पाहतो, उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून भरले जातात. म्हणून एक कप्पा खोटं बोलला की ते चौघांच्या तोंडी होतं आणि ठिपक्याची फुली होते. तिने पडद्यावर बोट ठेवलं, मग काच पुसली. फुली हलली नाही. कॅमेरा तोच.

तो कोणाच्या हातात आहे, हे मात्र फाइल सांगत नव्हती. सेन्सर समोरचं टिपतो. मागे उभा असलेला माणूस त्याच्या एकाही कप्प्यात येत नाही.

संध्याकाळी तिने आईला फोटो दाखवला. आईने आधी खुर्ची पाहिली.

"कोणी उठून गेलंय की कोणी यायचंय?"

"ते फोटोत कळत नाही, आई."

"विकला असेल त्याने कॅमेरा."

"असेल."

"आणि घेणाऱ्याला सांगितलं असेल, ठिपका पुसू नकोस म्हणून?"

आईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा चढवला.

"पत्ते विसरायचा तो. शाळेतून येताना दोनदा चुकला होता. त्याला दार दाखवावं लागतं."

दुसऱ्या दिवशी आई तळमजल्याचं घर बघायला तयार झाली, पण एका अटीवर. त्या नव्या दाराचा फोटो काढायचा आणि पाटीवरचा गल्लीचा, घराचा आकडा हातभर अंतरावरून वाचता आला पाहिजे. दर मजल्याच्या कठड्याला टेकत ती खाली उतरली. थोरलीने तपासणीच्या कपाटातला, त्याच बाद घडणीचा दुसरा कॅमेरा परवानगी काढून आणला होता. आई दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. हसली नाही. "दात बसवायचे राहिलेत," म्हणाली.

फोटो पोस्टकार्डाएवढा छापला तरी पाटीची अक्षरं स्वच्छ होती. आईच्या बारीक चौकटींच्या शालीवर मात्र मोरपिशी लाटा उठल्या होत्या.

"हे रंग माझ्या शालीत कुठून आले?"

"ती मऊ करणारी काच नाही ना, त्याचा दंड. असल्या लाटा या घडणीच्याच कॅमेऱ्यात उठतात. धाकटा त्यावरून मला चिडवायचा."

"मग असू देत," आई म्हणाली. "ओळखेल."

थोरलीने पुन्हा लॅबला फोन केला.

"तुमच्या गिऱ्हाइकाच्या पाकिटात एक फोटो जास्तीचा घालायचा आहे. मी पाठवते, तुम्ही छापा."

"कशाला? माझा काय संबंध?"

"ठिपक्यावर उपाय विचारला होतात ना? हा उपाय."

मग लॅबवाला हळूच म्हणाला, "घरचं माणूस आहे का?"

"माहीत नाही. म्हणून तर घालायचा."

"बरं. फोटोच्या मागे काही लिहायचंय?"

थोरलीने आईकडे पाहिलं. आईने नाही अशी मान हलवली.

"काही नको. पाटी वाचता येते."

शनिवारी लॅब बंद व्हायच्या सुमारास त्याचाच फोन आला. "पाकीट गेलं, बाई."

"कोणी नेलं?"

"एक बाई आल्या होत्या. ते बाहेरगावी आहेत म्हणाल्या, आले की बघतील."

"ते म्हणजे कोण?"

"नाव नाही घेतलं."

"पाकीट उघडलं त्यांनी?"

"दुकानात नाही. पिशवीत घातलं आणि गेल्या. मी दारापर्यंत बघत होतो."

सोमवारी थोरलीने तळमजल्याच्या मालकाला होकार दिला. किल्ल्या मिळाल्या आहेत, सामान अर्धं तिकडे गेलं आहे. चौथ्या मजल्यावरची पाटी आईने अजून काढू दिलेली नाही. कंपनीत तक्रार उघडीच आहे. नवा कॅमेरा देण्याचं पत्र थोरलीने अद्याप पाठवलेलं नाही आणि आकडेशास्त्रींनी दोनदा विचारणा केली आहे. लॅबच्या म्हणण्याप्रमाणे त्या गिऱ्हाइकाकडून पुढचे फोटो अजून छापायला आलेले नाहीत. ते बाहेरगावाहून परतले का, हे लॅबला माहीत नाही.