आईसाठी घातलेलं कुलूप

बाबांनी आठवणी लिहायच्या आणि आईने आपल्या कॉम्प्युटरवर त्यांतल्या थापा खोडायच्या, असं महिनाभर चाललं होतं. बाबा फाइलला ‘फक्त वाचा, बदलू नका’ असं कुलूप घालत. पण लेकीने बनवलेला प्रोग्राम फाइल आईकडे पोचवी, तेव्हा कुलूप वाटेतच गळून पडे. बाबांनी डोकं खाल्लं, तेव्हा लेकीने नवा पर्याय जोडला: फाइलबरोबर तिचं कुलूपही जाणार. आता आईला फक्त वाचता येणार होतं!

बाबांना रान मोकळं मिळालं. त्यांनी बेधडक लिहिलं, की लग्नाआधी आईच त्यांच्या मागे लागली होती.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा लेकीला फोन आला. "तो पर्याय काढ, बाई!"

"का? आई चिडली?"

"कसली चिडतेय! खोडता येत नाही, म्हणून आल्यागेल्याला मोठ्याने वाचून दाखवतेय. तुझी मावशी हसून हसून लोळली. लवकर कर, संध्याकाळी माझे सासरे यायचेत!"