तीनदा पुकारलं, नोंद आहे

मित्रांनो, एखाद्या कचेरीत सगळ्यात जास्त बोलणारा आणि सगळ्यात कमी उपयोगी पडणारा कोण असतो, सांगा पाहू? मोठे साहेब म्हणाल, तर तुमचं फारसं चुकलं नाही. पण मी माझ्याबद्दल बोलतो आहे. मी एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा, राखाडी रंगाचा, एका बाजूला पोचा आलेला. आज मी सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, तोंड भिंतीकडे करून पडलो आहे. शिक्षा झालेल्या मुलासारखा. शिक्षा कशाची, ते सांगतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका कारागिरानं पत्रा फिरवून फिरवून माझं तोंड घडवलं. दुसऱ्यानं माझ्या पोटात लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवलं आणि त्यावर पातळ पडदा ताणला. तपासणीच्या बाई हळूच "एक, दोन, तीन" म्हणाल्या. मी ते इतक्या जोरात म्हटलं की त्यांच्या हातातला चहा सांडला. "पास," त्या म्हणाल्या आणि ओढणी झटकत पुढे गेल्या. एक गुपित सांगून ठेवतो. तो पडदा बोलतो तसा थोडंफार ऐकतोही. हे कोणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून माझ्याखाली बसून माणसं वाटेल ते बोलतात.

पहिली नोकरी मला एसटीच्या स्टँडवर लागली. "गाडी सुटत आहे" एवढं मी म्हणायचा अवकाश, की बोचकी सांभाळत, चपला सावरत माणसं धावत सुटायची. मला वाटायचं, काय माझा दरारा आहे. धावणारे गाडीला भीत होते, मला नव्हे, हे कळायला पुष्कळ वर्षं गेली. पुढे स्टँडवर नवे भोंगे आले, मी भंगाराच्या ढिगात गेलो, आणि तिथून मला माजी सैनिकांना मदत करणाऱ्या एका कचेरीनं उचललं. भिंतीवर चार स्क्रूंनी आवळून बसवलं.

कचेरी म्हणजे एक लांब दालन. लोखंडी खुर्च्यांच्या रांगा. टोकाला काचेची खिडकी आणि त्या काचेला बोलण्यासाठी वाटीएवढं भोक. त्यातून ऐकू यावं म्हणून उंच माणसाला वाकावं लागे आणि ठेंगण्याला टाचा उचलाव्या लागत. पेन्शन अडकलेले, गुडघ्यात सळई असलेले, झोप न लागणारे, नवऱ्याच्या माघारी कागद घेऊन फिरणाऱ्या बाया, सगळे तिथे येत. कोणी एकच कागद आणी आणि तोही चुकीचा. कोणी विजेच्या बिलापासून लग्नाच्या फोटोपर्यंत सगळं पिशवीत भरून आणी आणि नेमका हवा तो कागद घरी ठेवून येई.

त्यांचा आधार म्हणजे अर्जवाले भाऊ. ते स्वतः लष्करात कारकून होते. एक पाय ताठ, वाकत नसे. निवृत्त झाल्यावर रोज दहाच्या ठोक्याला येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसत आणि लोकांचे अर्ज फुकट लिहून देत. कोणी वैतागला की म्हणत, "लढाई सोपी होती, बाबा. शत्रू एकाच बाजूला असायचा. इथं लिही, वडिलांचं नाव."

आणि मग येत तोफवाले काका आणि काकू.

काका तोफखान्यात होते. बारा-चौदा वर्षं तोफेच्या अगदी शेजारी उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेले होते. बहिऱ्या माणसासारखेच ते मोठ्यानं बोलत. त्यांना वाटे आपण बायकोच्या कानात कुजबुजतो आहोत, आणि इकडे पन्नास माणसं ऐकत. एकदा ते काकूंना म्हणाले, "खिडकीतला हा मनुष्य मठ्ठ आहे म्हणालीस, तो हाच का?" खिडकीतल्या कारकुनानं मान वर करून पाहिलं. काकूंनी पदरात तोंड लपवलं. मी भोंगा असून मला हसू आवरेना.

काकू त्यांचे कान होत्या. पण त्या कानांचाही आता घसा बसला होता. वर्षानुवर्षं ओरडून ओरडून बोलणाऱ्या त्या बाईच्या गळ्यात गाठ आली होती.

"डॉक्टर म्हणतात, ओरडायचं नाही," त्या घोगऱ्या आवाजात भाऊंना सांगत. "हे लग्न ठरवताना सांगायला हवं होतं."

"आणि गाठीचं काय म्हणाले, वहिनी?"

"औषधानं बसली तर बसली. नाहीतर कापायची. मग आवाज राहील याची खात्री नाही म्हणाले."

काका त्यांच्या ओठांकडे पाहत होते. त्यांना तेवढं कळलं असावं, कारण ते एकदम म्हणाले, "भाऊ, मला यंत्र लवकर मिळवून द्या. हिचा आवाज आहे तोवर."

एवढंच त्यांचं मागणं होतं. बाजारातलं एक स्वस्त यंत्र त्यांनी आणून पाहिलं होतं, पण ते कानात नुसती शिट्टी वाजवायचं. चांगलं यंत्र सरकारकडून मिळणार होतं, पण त्यासाठी बहिरेपणाचा दाखला हवा होता. तो दाखला द्यायला दर तीन महिन्यांनी डॉक्टरांचं एक मंडळ कचेरीत येई. सगळे त्याला 'बोर्ड' म्हणत. बोर्डाचा नियम असा, की तीनदा गैरहजर राहिला तर माणसाची फाइल बंद. काकांच्या नावावर दोन गैरहजेऱ्या आधीच होत्या. पहिल्यांदा तारखेचं पत्रच तारखेनंतर पोचलं. दुसऱ्यांदा त्या दिवशी काकूंचा घसा तपासायचा होता. दोन्ही कारणं खरी होती, पण गैरहजेरीच्या रकान्यात कारण लिहायला जागा नसते.

तिसऱ्या तारखेला दोघं साडेआठलाच आली. टोकन मिळालं सतरा नंबरचं. काका नेहमी माझ्याखालच्या खुर्चीवर बसत आणि उजवा तळवा भिंतीला लावून ठेवत. मी बोललो की भिंत थरथरे, आणि ती थरथर त्यांना हाताला कळे. कोणाचा नंबर आहे, ते मात्र भिंत सांगत नसे. त्यासाठी काकू होत्या.

पण त्या दिवशी खिडकीतून सांगणं आलं की जुन्या कागदांच्या आणखी दोन झेरॉक्स लागतील. आठ नंबर चालू होता. भाऊ आतल्या खोलीत एका आंधळ्या सुभेदाराचा अर्ज लिहून घेत होते. काकूंनी काकांना बोटांनी सतरा करून दाखवलं आणि त्या कोपऱ्यावरच्या दुकानाकडे गेल्या.

मी म्हणालो, "टोकन नंबर नऊ." भिंत थरथरली. काका ताडकन उठले आणि कागद घेऊन दाराकडे निघाले.

"काका, तुमचं नाही," बोर्डाच्या दाराशी उभा असलेला शिपाई म्हणाला. हातानं 'बसा' अशी खूण केली.

दहाला ते पुन्हा उठले. अकराला पुन्हा. आता रांगेतले दोघं-तिघं हसले. हसणं वाईट नव्हतं, पण काकांनी ते पाहिलं. शेजारच्या खुर्चीवर लष्करातला एक जुना ड्रायव्हर होता. भला माणूस. त्यानं काकांचा हात धरून त्यांना खाली बसवलं, त्यांचं टोकन पाहिलं आणि खुणांनी बजावलं, की तुम्ही हलू नका, तुमचा नंबर आला की मी उठवतो. काकांनी मान डोलावली. मित्रांनो, सैनिकाला हुकूम मिळाला की तो पाळायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. ते पाठ ताठ करून बसले.

बारा झाला, तेरा झाला. भिंत थरथरली, काका हलले नाहीत. चौदा नंबर त्या ड्रायव्हरचाच होता. जागा राहावी म्हणून त्यानं खुर्चीवर पिशवी ठेवली आणि तो आत गेला. आत डॉक्टर तिघं होते, त्यामुळे एक अडकला तरी नंबर भराभर पुढे सरकत. त्याला वाटलं, पाच मिनिटांचं तर काम. काकांना वाटलं, पाणी प्यायला गेला असेल. पिशवी तर इथंच आहे.

पंधरा आणि सोळा नंबरचे लोक आलेच नव्हते. दारावरचा शिपाई डॉक्टरांसाठी चहा आणायला गेला होता.

"टोकन नंबर सतरा," मी म्हणालो.

ते बसूनच राहिले. तळवा भिंतीला होता. माझ्या पोटातली थरथर त्यांच्या हातात शिरत होती, ते मला जाणवत होतं. मी पुन्हा म्हणालो, "टोकन नंबर सतरा." त्यांनी शेजारच्या पिशवीकडे पाहिलं आणि पुन्हा समोर. त्या दिवशी खिडकीमागे माइकवर बसलेला कारकून नवीन होता, बोर्डाबरोबर आलेला. त्यानं आवाजाचं बटण पिळलं आणि तिसऱ्यांदा पुकारलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. इतका, की माझ्यातून किंकाळी निघाली आणि सगळ्या दालनानं कानांवर हात ठेवले. एक माणूस सोडून. तो शिस्तीत बसून होता, कारण त्याला तसं सांगितलं होतं.

मला हात असते तर मी त्यांच्या खांद्यावर ठेवला असता. मला दुसरा एखादा शब्द बोलता आला असता, तर 'अहो, कोणी तरी त्यांना हलवा' एवढं तरी म्हटलं असतं. पण भोंग्याला स्वतःचा शब्द नसतो.

"टोकन नंबर अठरा," मी म्हणालो.

काकू आल्या तेव्हा एकवीस नंबर चालू होता. झेरॉक्सच्या दुकानात आधी रांग होती आणि मग शाई संपली होती. त्या खिडकीशी धावल्या.

"सतरा नंबर तीनदा पुकारला," तो नवा कारकून म्हणाला. "नोंद आहे."

काकू काहीतरी म्हणाल्या.

"काय? मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही."

त्यांनी भोकाला तोंड लावलं. गळ्याच्या शिरा फुगल्या. मला नुसता वारा ऐकू आला.

तोवर ड्रायव्हर बाहेर आला. काय झालं ते कळल्यावर तो डोकं धरून बसला. "मी पाच मिनिटं आत होतो हो," तो प्रत्येकाला सांगत होता. भाऊ ताठ पाय ओढत आतून आले, बोर्डाच्या दाराशी गेले. पण डॉक्टरांच्या समोर बंद फाइल ठेवता येत नाही, असं त्यांना तिथं समजावण्यात आलं. नम्रपणे समजावलं. त्या दिवशी कोणीच कोणाशी वाईट वागलं नाही, हेच मला आजही उमगत नाही.

भाऊंनी फाइल पुन्हा उघडण्यासाठी अर्ज लिहिला. कारण लिहिलं, 'अर्जदारास ऐकू येत नसल्याने पुकारा ऐकू आला नाही.' सव्वा महिन्यानं उत्तर आलं. 'ऐकू येत नसल्याचा दाखला जोडावा.'

भाऊंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग दुसऱ्या दिवशी टेबल बंद ठेवून ते वरच्या कचेरीत गेले आणि दोन दिवस तिथल्या बाकावर बसून राहिले. येताना तारीख घेऊन आले. पुढच्या बोर्डाची, चौदा तारीख.

काकूंनी पिशवीतून इस्पितळाची चिठ्ठी काढली आणि टेबलावर त्या तारखेच्या कागदाशेजारी ठेवली. गाठ औषधानं बसली नव्हती. ऑपरेशन नऊ तारखेला होतं.

"सहा दिवसांनी काय बिघडतंय?" काकू कशाबशा म्हणाल्या. "मी पंधराला करीन. डॉक्टरांना सांगते."

भाऊंनी त्यांचं म्हणणं कागदावर लिहून काकांपुढे सरकवलं. काकांनी वाचलं आणि कागद पालथा घातला. मग ते बोलले. त्यांना वाटलं हळू बोलतो आहोत.

"नऊ म्हणजे नऊ. तुझा आवाज काय, मला पाठ आहे. तू मूकपणे भांडलीस तरी मला कळेल."

काकूंनी इस्पितळाची चिठ्ठी उचलून पुन्हा पिशवीत ठेवली.

चौदा तारखेला काका एकटे आले. भाऊ त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले, आणि नंबर आल्यावर त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले. दाखला मिळाला. यंत्र यायला आणखी सहा आठवडे लागले.

ते घ्यायला दोघं मिळून आली. काकूंच्या गळ्याला रुमाल होता. भाऊंनी यंत्र काकांच्या कानात बसवलं.

"येतंय का ऐकू, उस्ताद?"

"येतंय. पंख्याला तेल घाला. किती कुरकुरतोय." काका पहिल्यांदाच बेताच्या आवाजात बोलले.

भाऊ हसले, शिपाई हसला. काकूंनी काकांकडे पाहून ओठ हलवले. काय म्हणाल्या, ते माझ्या पडद्यालाही कळलं नाही. काकांनी अंगठ्यानं यंत्राचं चाक फिरवलं. थोडं फिरवलं, मग आणखी, शेवटपर्यंत. काकूंच्या तोंडाशी कान नेला.

"भाऊ, हे आणखी वाढतं का हो?"

"नाही, उस्ताद. एवढंच."

त्याच महिन्यात भाऊंच्या खटपटीनं दालनात लाल आकड्यांची पाटी लागली. आता नंबर दिसतो. मला उतरवून इथं टाकलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. ती पाटी माझ्याआधी यायला हवी होती, एवढंच.

मित्रांनो, तुम्ही पुढं कुठंतरी खिडकीमागे बसाल, कोणाच्या तरी नावानं पुकारा कराल. तीनदा पुकारल्यावर समोरचा उठला नाही, तर नोंद करण्याआधी आवाज वाढवू नका. वाढवून काही होत नाही, ते मी करून पाहिलं आहे. खुर्ची मागे सारा आणि त्याच्याजवळ चालत जा. मी भिंतीला चार स्क्रूंनी आवळलेला होतो. तुम्ही नाही.