एकच गडगडाट

विश्रामकाकांनी आमच्या नाट्यमंडळात पाऊल ठेवणं सोडलं ते चार वर्षांपूर्वी, ज्या प्रयोगात ढग चार वेळा गडगडला त्या संध्याकाळपासून. तोवर मंडळाचा ढग म्हणजे काकाच. नंदेसरीच्या एका कारखान्यात ते फिटर होते. तिथल्या भंगारातून त्यांनी एक लांब पत्रा उचलून आणला, विंगेत टांगला आणि तीस वर्षं बडोद्याच्या मराठी नाटकांना वादळं पुरवली. डाव्या हाताने दिव्याचं बटण दाबलं की वीज, मग क्षणभर थांबून उजव्या हाताने पत्र्यावर एक ठोसा. त्या दिवशी मात्र कंपवातामुळे हात आवरला नाही. नायिका रडत होती आणि लोक पोट धरून हसत होते. काका मागच्या दाराने निघून गेले.

यंदा मंडळाने एक जुनं नाटक पुन्हा बसवायला घेतलं. कधी काळी त्यात माझी आई, लीला, काम करायची. मी तेव्हा सात वर्षांची. विंगेत काकांच्या पायाशी बसायचे. आईचं शेवटचं वाक्य पूर्ण झाल्याशिवाय त्यांनी कधी वीज पाडली नाही. ती अडखळली तर काकाही थांबायचे. वीज चमकली की मी श्वास रोखून धरायचे आणि पत्रा वाजला की सोडायचे. ते दिवस मला अजून फार हवेसे वाटतात.

दिग्दर्शक धैर्यशील म्हणाला, गडगडाट मोबाइलवरून वाजवू. माझं डोकंच फिरलं. सयाजीगंजच्या ऑफिसात मी दिवसभर मायक्रोकंट्रोलरना, म्हणजे यंत्रांतल्या चिमुकल्या चिपांना, वेळ मोजायला शिकवते, ती काय उगाच? त्याला सुनावलं, गडगडाट पत्र्याचाच होईल आणि काकाच करतील. मग एक डबी तयार केली. बटण दाबलं की दिवा लागेल, त्याच क्षणी आतला टायमर मोजायला लागेल आणि ठरलेल्या वेळाने एकच पल्स, म्हणजे करंटचा एक झटका, सोडेल. त्या पल्सने हातोडी पत्र्यावर आपटेल. वीज आणि ढग यांतलं काकांचं अंतर मी जुन्या प्रयोगाच्या व्हिडिओ कॅसेटवरून मोजलं. ते पावणेदोन सेकंद निघालं.

डबी घेऊन गोत्रीला काकांच्या घरी गेले. पत्रा त्यांच्या कपाटामागे उभा होता. पहिल्या चाचणीत वीज आणि ढग एकदमच झाले. काका म्हणाले, ही तर आपल्याच गच्चीवर पडली. चूक माझीच होती. टायमरचा काउंटर पासष्ट हजारांच्या थोडं पुढे जाऊन थकतो आणि मी त्याला साडेसतरा लाख मायक्रोसेकंद, म्हणजे तेच पावणेदोन सेकंद, मोजायला सांगितले होते. त्याने जेवढं मावलं तेवढंच मोजलं. इतकी वर्षं हेच काम करून मी ही चूक केली, कारण काकांसमोर मला घाई झाली होती. टायमरचे ठोके शंभरपट संथ केले, साडेसतरा हजार मोजायला सांगितले आणि गडगडाट थेट माझ्या लहानपणातून आला. माझे डोळे भरले.

काकांनी मात्र हात मागे घेतला.

"ना बेटा. बटण दाबायचं म्हणजे परत हाच हात. चार वेळा दाबलं जाईल आणि लोक परत हसतील."

"काका, एकदा मोजायला लागला की हा टायमर कुणाचं ऐकत नाही. चार वेळा दाबा नाहीतर चाळीस वेळा. पल्स एकच. मी पुन्हा तयार करेपर्यंत दुसरी नाही."

त्यांनी डबी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग प्रयोगाची तारीख विचारली.

प्रयोग रविवारी संध्याकाळी होता. माझ्या आईची जुनी भूमिका मंडळातल्या रसिकाने केली. शेवटच्या वाक्यात ती मधेच अडकली. मी असते तर घाबरून बटण दाबून मोकळी झाले असते. काका थांबले. त्यांचा हात बटणावर हवेत थरथरत होता, पण खाली आला नाही. रसिकाला शब्द सापडले, वाक्य पूर्ण झालं आणि मगच बोट टेकलं.

बोट टेकलं आणि नाचतच राहिलं. त्याबरोबर दिवाही लुकलुकला. खरी वीज तरी कुठे एकसारखी चमकते? मी श्वास रोखून धरला. पावणेदोन सेकंदांनी पत्रा दणाणला, सगळं सभागृह भरून. काकांचं बोट अजून बटणावर नाचत होतं. पत्रा हळूहळू शांत झाला.

काकांना स्वतःवर भरवसा नव्हता. माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "एकच झाला ने?"

मी मान डोलावली. मग त्यांनी डोळे मिटले आणि पडद्यापलीकडे कान लावला. बाहेर कुणीच हसत नव्हतं.