चारशेचा पोपट

माझं अक्षर चांगलं आहे. हे मीच सांगते, कारण आमच्या घरात दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसले असते तर बसूनच राहिले असते.

सागरहून लग्न होऊन मी काशीला बालाजी घाटावर आले ती एकोणीसशे एकोणिसात. सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा, घराच्या खालच्या मजल्यावर शिळाछापाचा छापखाना होता. पिवळ्या कागदावर चिकट शाईनं मजकूर लिहायचा, कागद दगडावर दाबायचा, अक्षर दगडावर उतरलं की त्यावरून लागतील तेवढ्या प्रती काढायच्या. खिळे जुळवायची भानगड नाही. लिहिणाऱ्याचं, म्हणजे लेखकाचं, अक्षर जसं, तशी पोथी.

मामंजींचं नाव ढुंढिराजपंत. त्यांची पोथी लांबून ओळखू यायची. पानाच्या चारही बाजूंनी वेल, वेलीला फुलं, फुलांवर भुंगे, कोपऱ्यात कलश, आणि एवढं करून कुठं जागा उरलीच तर एखादा पक्षी नाहीतर प्राणी. मजकुराला बोटभर जागा आणि सजावटीला वीतभर! हात मात्र असा की खोटं कशाला बोलू, पानाच्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात. रामनगरहून लोक नावेनं यायचे त्यांच्याकडून लग्नपत्रिका लिहून घ्यायला.

त्यांना बारीक लिहिणं जड जायला लागलं तेव्हा मजकूर माझ्याकडे आला. वेल त्यांची, अक्षर माझं. पाच वर्षं मी त्यांच्या वेलीच्या आत अंग चोरून लिहीत होते. लिहायला बसले की मला तहानभूक नसायची; पण पान छापून आलं की जीव नुसता चडफडायचा. इतक्या मेहनतीनं लिहिलेलं अक्षर आणि ते शोधायला भिंग लागतंय.

मग एके दिवशी सीताकाकू आल्या. वयानं आणि शब्दानं आमच्या गल्लीत सगळ्यांत मोठ्या. घाटावरच्या गणपतीच्या देवळात दर माघी चतुर्थीला हजार नावांचं पूजन व्हायचं ते त्यांच्याकडून. पाच भटजी गोल बसतात, एकेक नाव घेतात, आणि प्रत्येक नावाला पुजारी दूर्वांची एक जुडी वाहतो. त्यासाठीची पोथी तीस वर्षांपूर्वी मामंजींनीच केलेली. ती आता फाटली होती. काकूंना नवीन हवी होती, एक्केचाळीस प्रती, भटजींना दान द्यायला.

"ढुंढिराजा, पोथी तुझी देखणीच रे," काकू म्हणाल्या, "पण देवाचं नाव शोधायला वेलीत हात घालावा लागतो. आता माझ्यानं होत नाही."

मी दाराआड उभी होते. गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसणं मला कधी जमलंय?

"मग वेल काढून टाकावी," मी म्हटलं.

मामंजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि तिथं काय ठेवायचं? पांढरा कागद? पाहुण्याला पान वाढायचं आणि अर्धं पान कोरडं सोडायचं?"

"पाहुण्याला जेवता तर आलं पाहिजे ना मामंजी! तुम्ही भात रांगोळीत वाढलाय."

आमचे हे, वेणीमाधव, दगड घासत होते. त्यांचा हात थांबला. काकू मात्र खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "या खेपेला हिला करू दे, ढुंढिराजा. अख्खी पोथी. हिच्या मनासारखी."

काकूंचा शब्द मोडायची छाती गल्लीत कुणाची नव्हती. मामंजींनी शाईची वाटी पुढ्यातून बाजूला सरकवली. मग म्हणाले, "करू दे. पण पूजेत पोथीची खोट निघाली, तर सूनबाईंनी लेखणी खाली ठेवायची. कायमची."

"ठेवीन," मी म्हटलं. तोंडातून गेलं आणि मग भान आलं. त्या लेखणीशिवाय माझ्याकडे दुसरं होतं काय? मूलबाळ तोवर नव्हतं, माहेर दूर. पण शब्द गेला तो गेला.

दोन महिने मी ती पोथी लिहिली. टपोरं अक्षर, एका पानावर चाळीस नावं, एकीखाली एक ओळ, चहूकडे मोकळी जागा. वेल नाही, फूल नाही, कलश नाही, पशुपक्षी नाहीत. प्रत्येक शंभराला डाव्या बाजूला लहानसा आकडा, बस्स. यांनी पहिलं पान दगडावरून उचललं आणि हळूच म्हणाले, "बघून बरं वाटतं गं." मामंजींनी पान उजेडात धरलं आणि म्हणाले, "धुतलेलं धोतर!" त्यांनी टोमणा मारला होता. मी तो कौतुक म्हणून घेतला आणि पुढचं पान लिहायला बसले.

माघी चतुर्थीला देऊळ गच्च भरलं. सकाळी आम्ही बायकांनी दूर्वा निवडल्या, तीन तीन पात्यांच्या जुड्या बांधल्या, आणि मोजून हजार परातीत ठेवल्या. मोजणी मीच दोनदा केली. भटजींच्या हातात माझ्या पोथ्या होत्या. मामंजी खांबाला टेकून बसले होते, हे त्यांच्या मागे. मी बायकांच्या रांगेत. सीताकाकूंनी पोथी उघडली, डोळ्यांपासून हातभर लांब धरली आणि वाचता आली तशा माझ्याकडे बघून हसल्या. मला असं झालं की उठून सगळ्यांना ओरडून सांगावं, ते माझं अक्षर आहे म्हणून!

शंभर नावं एका भटजींनी म्हणायची, मग शेजारच्यांनी धरायचं, अशी रीत. पहिलं शंभर झालं, दुसरं झालं. प्रत्येक वेळी एक भटजी थांबले की दुसरे जरा चाचपडत होते. चारशेनंतर विश्वेश्वरभटजींची पाळी आली तेव्हा तर चांगलाच खंड पडला. मग त्यांचा खणखणीत आवाज लागला आणि माझा जीव भांड्यात पडला.

हजारावं नाव झालं. घंटा वाजली. पुजाऱ्यानं परातीकडे पाहिलं आणि आरतीला उचललेला हात खाली घेतला.

परातीत दूर्वा उरल्या होत्या.

त्यानं मोजल्या. चाळीस जुड्या. देवाला हजार नावं बोललेली आणि घेतली नऊशेसाठ. सीताकाकूंचं तोंड एवढंसं झालं. कुणीतरी मागून म्हणालं, "दूर्वाच चुकून जास्त बांधल्या असतील." मला ती पळवाट घेता आली असती. पण माझी मोजणी पक्की होती, आणि चाळीस म्हणजे माझ्या पोथीचं बरोबर एक पान. मी उठले.

"दूर्वा हजारच होत्या," मी म्हटलं. "म्हणताना पोथीचं एक पान गळलंय. पोथी माझी आहे."

बायकांच्या रांगेतून उठून देवासमोर बोलले, म्हणून चार भुवया वर गेल्या. जाऊ देत. मी भटजींसमोर पोथी धरून विचारलं, "कुठं चुकलं ते सांगा."

विश्वेश्वरभटजी घामाघूम झाले होते. "अहो, पोपट कुठाय?"

"कुठला पोपट?"

"चारशेचा पोपट! शंभराला उंदीर, दोनशेला हत्ती, तीनशेला मासा, चारशेला पोपट. आम्ही नामं म्हणत नसलो की नजर देवाकडे असते. आधीचा थांबला की खाली बघायचं, पोपट दिसला की त्याच्या पुढचं नाव धरायचं. माझ्या थोरल्या भावानं मला असंच शिकवलंय. आज खाली बघतो तर पोपटच नाही! सगळी पानं सारखी. लोक थांबलेले. जिथं नजर पडली तिथून धरलं."

"आकडे आहेत की डावीकडे," मी म्हटलं, पण आवाज मलाच ऐकू आला नाही. आकडे होते. मी ते मुद्दाम बारीक काढले होते, पानाची मोकळीक बिघडू नये म्हणून. दोन महिने मी जुनी पोथी समोर ठेवून नावं उतरवली होती, आणि तो पोपट तिथं कामाला बसलाय हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सगळ्या माना मामंजींकडे वळल्या. सीताकाकू गहिवरून म्हणाल्या, "ढुंढिराजा, केवढा पुढचा विचार करून काढली होतीस रे ती चित्रं! आम्हाला कधी बोललासही नाहीस."

आता मामंजी मान डोलावणार, मी मनात म्हटलं. कोण सोडील? भरल्या देवळात, सगळ्या बिरादरीसमोर, सुनेचं नाक कापून आयता मान मिळत होता.

मामंजी खांबाला धरून उठले. "नाही हो काकू," ते म्हणाले. "विचार कसला? शंभर नावं संपली की ओळीत चार बोटं जागा उरायची. ती मला रिकामी बघवेना. म्हणून पोपट काढला. भटजी त्यावर चालतात हे मला आज कळतंय."

देऊळ हसलं. मला हसू आलं नाही. माझा पराभव करून टाकणारा तो माणूस, पण मला त्यांचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले. खोटं बोलले असते तर कुणाला कळलं असतं?

गळलेलं पान मी बोटानं दाखवलं, भटजींनी चाळीस नावं घेतली, चाळीस जुड्या देवाला गेल्या, आणि मग आरती झाली.

घरी आल्यावर मी लेखणी धुतली, पुसली आणि मामंजींच्या हातात दिली. यांनी रात्री विषय काढून बघितला तर मी यांच्यावरच उसळले. शब्द दिला होता. आठ दिवस मी छापखान्याची पायरी उतरले नाही. भाकऱ्या मात्र इतक्या आपटून थापल्या की शेजारच्या बकुळवहिनी विचारायला आल्या, घरात भांडण झालंय का म्हणून.

नवव्या दिवशी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सोवळ्याचा माणूस, छापखान्याच्या कपड्यांनी चुलीपर्यंत कधी यायचा नाही. हातात कागदांची गुंडाळी.

"काकूंना पोथी पुन्हा हवीय," ते म्हणाले. "अक्षर तेच, पान तेच, मोकळी जागाही तशीच. फक्त शंभराशंभराला चित्र घालायचं, लांबून दिसेल असं. म्हणजे एकटं चित्र."

"मग घाला की," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा चांगला पोपट कोण काढणार?"

त्यांनी गुंडाळी उलगडली. पहिल्या कागदावर पोपट, पोपटाखाली फांदी, फांदीला आंबे. दुसऱ्यावर फांदी नव्हती, पण पोपटाच्या चोचीत मिरची होती आणि गळ्यात मोत्यांची माळ. तिसऱ्यावर माळ गेली होती आणि शेपटीतून वेल निघाली होती. असे सात कागद. एकाहून एक सुंदर, आणि एकातही पोपट चटकन सापडेना.

"बघतेस ना?" ते म्हणाले. "सात वेळा बसलो. मला थांबता येत नाही, सूनबाई. तुला येतं."

मी पिठाच्या हातांकडे बघत म्हटलं, "मी शब्द दिलाय मामंजी."

"मला दिलायस. भटजी पोथी कशी वाचतात हे तुला ठाऊक नव्हतं, तसं मलाही नव्हतं. मग तू एकटीनं लेखणी का ठेवायची? चल. हात धू."

मी हात धुतले. छापखान्यात माझ्या जागेवर बसले. चारशेव्या नावाचं पान समोर घेतलं आणि डाव्या मोकळ्या जागेत काढायला लागले. चोच. पाठीपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच रेघ. पोट. पाय. शेवटी डोळ्याचा ठिपका. लेखणी उचलली. पांढऱ्या पानावर पोपट बसला होता, आजूबाजूला काहीही नाही, दारातूनसुद्धा दिसेल असा.

मामंजी वाकून बघत राहिले. त्यांची बोटं शिवशिवत होती, मला कळत होतं. हात नकळत लेखणीकडे आला.

"घाला हवं तर वेलीचं एखादं पान," मी म्हटलं. मनातून म्हटलं नव्हतं, पण त्या क्षणी त्यांनी घातलं असतं तर मी खरंच घालू दिलं असतं.

त्यांनी हात मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

"नको," ते म्हणाले. "बस्स."

मग तसेच, हात पाठीशी धरूनच, ते आतल्या खोलीकडे वळले आणि यांना हाक मारून म्हणाले, "वेणीमाधव, दगड तयार कर. लेखकाचं पान झालंय."

आमच्या छापखान्यात तोवर लेखक म्हणजे एकच माणूस होता, आणि तो मी नव्हते.