द्राक्षासवाच्या मोटारीतला भोंगा

मित्रांनो, मी एक भोंगा आहे, आणि जुना आहे. जुना हे नक्की. भोंगा म्हणवून घेण्याचा हक्क मला उरला आहे की नाही, याची मात्र खात्री वाटत नाही. माझ्या रुंद तोंडात मातीचा थर बसला आहे आणि निमुळत्या तोंडात कुंभारीण माशीने घर केले आहे. सांगता सांगता माझा गोंधळ उडाला, तर सांभाळून घ्या.

वाशीमच्या बाजारात एका कारागिराने घासलेटच्या डब्यांचा पत्रा कापून मला घडवले. साल एकोणीसशे छत्तीस असावे, किंवा सदतीस. माझ्या अंगाचा घासलेटचा वास गेलाही नव्हता, तोच रामरावांनी मला विकत घेतले. रामराव एका वैद्यशाळेचे प्रचारक होते. ती वैद्यशाळा द्राक्षासव तयार करी. द्राक्षांचा रस आंबवून केलेले हे औषध. भूक लागावी, अंगात ताकद यावी म्हणून जेवणानंतर दोन चमचे घ्यायचे. त्याला थोडासा दारूचा वास येई.

"हे औषध आहे," रामराव बजावत.

"हो जी," मोटार चालवणारा हरिसिंग म्हणे, "अन् कोणी बाटलीभर पेलं त?"

रामराव तेव्हा बाटल्या मोजू लागत.

आमची मोटार काळी, उघड्या टपाची होती. हरिसिंग पुढे उभा राहून हँडल फिरवी, तेव्हा कुठे ती खोकत खोकत सुरू होई. तिला एक रबरी भोंपू होता. त्याला एकच गोष्ट बोलता येई : बाजूला व्हा. मी त्याला हसत असे. मला केवढी भाषा येत होती! रामराव बोलत आणि त्यांचे शब्द मी चावडीपासून वेशीपर्यंत पोहोचवत असे. शब्द पोहोचले म्हणजे अर्थही पोहोचला, असे मी तेव्हा समजत होतो. भोंपू कधी चुकला नाही, हे मला फार उशिरा सुचले.

एकदा आम्ही रिठदला गेलो. आदल्या दोन गावांत माणसे जमली नव्हती. म्हणून रामरावांनी गावच्या कोतवालाला, चंपतला, गाठले आणि डफडे वाजवत मोटारीपुढे चालायला सांगितले. चंपतने नेहमीसारखी हाळी दिली, "ऐका हो ऐका!" मग रामरावांनी मला तोंडाशी धरले. "पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने रोज जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घ्यावे! आजच घ्या!"

दुपारपर्यंत सगळ्या बाटल्या खपल्या. कोणी भाव केला नाही, कोणी गुण विचारला नाही. रामरावांनी मला रुमालाने पुसले. "काय आवाज आहे याचा!" ते म्हणाले. इतके कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही.

हरिसिंग हँडल मारणार, तेवढ्यात एक बाई धावत आली. तिचे नाव आवडाबाई. गावाबाहेर तिचा आणि तिच्या नवऱ्याचा भाजीपाल्याचा मळा होता.

"सायेब, सूट लिहून द्या!"

"कसली सूट?"

"हुकमातून. माह्या मालकाले, पुंजाजीले, हे दवाई माफ करा. चिठ्ठी द्या तशी."

रामरावांना काही कळेना. मलाही कळेना.

"बाई, हा हुकूम नाही. ही जाहिरात आहे."

"थे काय असते?"

"म्हणजे आम्ही फक्त सांगतो. तुम्हाला वाटले तर घ्यायचे."

"मंग डफडं कायले वाजवलं?" ती म्हणाली. "वाटलं त घ्या, असं सांगाले कोणी डफडं वाजवते काय? मागच्या साली डफडं वाजलं अन् सरकारची मोटार आली, त समद्यांले देवी टोचून गेली. लपले त्यांले कडब्यातून वढून काढलं."

हरिसिंग हसू लागला. "द्या चिठ्ठी, रामरावजी. मोहर नाही आपल्यापाशी, पण बाटलीचं लेबल चिकटवा."

"हासू नोको रे भाऊ," आवडाबाई म्हणाली, आणि त्याचे हसू थांबले. "दारूपायी त्यानं काय काय केलं, थे मले माहीत. सात वर्सं झाली, बेल-भंडारा उचलून शपत घेतली त्यानं. तवापासून थेंब नाही. आज हे बाटली पुढ्यात घेऊन बसला आहे. बूच काढून वास घेऊन राह्यला. मनते, सरकारचाच हुकूम आहे त शपत मोडल्याचं पाप सरकारच्या माथी."

मित्रांनो, पुंजाजी हुकमाला भ्याला होता, की हुकूम आला म्हणून मनातून हरखला होता? मी यावर पुष्कळ विचार केला. मला अजून सांगता येत नाही.

रामरावांनी खिशातून कागद काढला. दोन ओळी खरडल्या असत्या तर बाई निघून गेली असती आणि खपलेल्या बाटल्या खपलेल्याच राहिल्या असत्या. ते कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो पुन्हा खिशात घातला. "मोटारीत बसा," ते आवडाबाईला म्हणाले.

मळ्याच्या बांधाशी मोटार थांबली. दूर विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचे पाणी पडते त्या दगडी कुंडाच्या काठावर, पुंजाजी बसला होता. बाटलीचे बूच उघडे होते आणि बाटली ओठांच्या दिशेने वर चालली होती. घाईत रामरावांनी सवयीने मलाच उचलले.

"पुंजाजी, थांबा! हा हुकूम नाही!"

मी शब्द चोख पोहोचवले. एक अक्षरही सांडू दिले नाही. पण पुंजाजीने ऐकला तो भोंगा. तो ताडकन उभा राहिला आणि घाबरून ओरडला, "घेतो, सायेब! घेतो ना मी!" त्याने बाटली आणखी वर नेली.

रामरावांनी मला टाकून दिले. मी वांग्याच्या वाफ्यात, पाटाच्या चिखलात पडलो. ते धोतर सावरत धावले, पुंजाजीचा हात धरला आणि त्याच्या शेजारी थारोळ्यावर बसले. ते इतक्या हळू बोलत होते की मला काहीच ऐकू आले नाही. माझ्याशिवायही माणसे बोलतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिले. मला वाईट वाटले, हे कबूल करतो.

बऱ्याच वेळाने पुंजाजीचा आवाज आला. "हुकूम नसन, त मंग मलेच ठरवा लागन."

"हो," रामराव म्हणाले.

"हे त लय कठीण झालं, सायेब."

आवडाबाई पाटाच्या कडेला उभी होती. पुंजाजीने बाटलीकडे पाहिले. मग त्याने बूच उचलले, तळहाताने गच्च दाबले आणि बाटली बायकोच्या हाती दिली.

त्या दिवशी रामराव रिठदमध्ये घरोघर पायी फिरले आणि प्रत्येक उंबऱ्याशी उभे राहून सांगत गेले. पुष्कळ बाटल्या परत आल्या. काही घरांनी, औषध पाहिजे म्हणून, समजून ठेवून घेतल्या. वैद्यशाळेने त्यांना पुढे ठेवले की काढले, मला ठाऊक नाही. मला न्यायला कोणी आले नाही. मी चुकलो म्हणून की विसरलो गेलो म्हणून, हेही मला कळले नाही.

आवडाबाईने मला धुतले आणि काही वर्षे नरसाळे म्हणून वापरले. पुढे गंज चढला, तेव्हा मी या कुंपणाशी आलो.

मित्रांनो, एखादा भोंगा सापडला तर त्याला कोरडा ठेवा, तेलाचा हात फिरवा. आम्ही लवकर गंजतो. पण त्याला तोंड लावण्याआधी एकदा चालत जा, ज्याला सांगायचे त्याच्याशेजारी बसा आणि सांगून पाहा. तेवढ्याने भागले, तर आम्हाला खुंटीवरच राहू द्या. आम्हाला राग येणार नाही. निदान मला तरी येणार नाही, असे वाटते.

पुंजाजी संध्याकाळी वांगी तोडून झाली की माझ्याजवळच कुंपणाला टेकून बसे. मला इतक्या जवळचा वास नक्की येतो. शेवटपर्यंत त्याच्या तोंडाला कांद्याचा आणि तंबाखूचाच वास येत असे.