एमआरआयच्या खोलीतला पाण्याचा गोळा

मित्रांनो, पाण्याने भरलेला एक जुना प्लॅस्टिकचा गोळा कधी स्वतःबद्दल बोलेल, असं तुम्हाला वाटलं नसेल. मलाही वाटलं नव्हतं. मी एमआरआय मशीनच्या खोलीत राहतो. माणसाला मशीनमध्ये घालण्याआधी मला घालतात आणि माझं चित्र नीट आलं की मगच माणसाची पाळी येते. इथले सगळे मला फँटम म्हणतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात पाणी, मीठ आणि किंचित मोरचूद भरलं आणि तोंडाला घट्ट बूच बसवलं. चुकून एक बुडबुडा आत राहिला, तो अजून माझ्याबरोबर आहे. पुढे मी या खोलीत आलो आणि माझ्या गोंधळाला सुरुवात झाली. मशीनला दरवेळी पेशंट लागतो, म्हणून माझं नाव, वय, वजन लिहितात. आधी डोकं आत जाणार की पाय, हेही भरावं लागतं. मी तर सगळीकडून सारखाच! मला काही कळायचं नाही, पण मी मुकाट्याने आत जायचो.

माझं खरं काम शिकणाऱ्यांबरोबर. मशीनने पाण्याला हाक कधी मारायची, गप्प किती वेळ राहायचं आणि उत्तर कधी ऐकायचं, हे क्रमाने सांगणारा प्रोग्राम लिहायला तरुण मुलंमुली इथे येतात. त्याला ते सिक्वेन्स म्हणतात. चित्र चांगलं आलं की माझ्या पाठीवर थाप पडते, बिघडलं की सगळे माझ्याकडे संशयाने बघतात. मी मात्र दोन्ही वेळा नुसता पडून असतो.

एका वर्षी धाकटी आली. सगळ्यांत लहान म्हणून तिला हे नाव पडलं. तिचा सिक्वेन्स पाण्याची अगदी बारीक हालचाल टिपणारा होता. शिकवणाऱ्या मॅडमनी तिला बजावलं होतं, "आज संध्याकाळपर्यंत स्वच्छ चित्र दाखव. नाहीतर मशीनची ही वेळ दुसऱ्याला द्यावी लागेल, आणि तुझं इथलं काम संपेल."

धाकटीने मला उचललं, मशीनमध्ये ठेवलं आणि धावत जाऊन बटण दाबलं. चित्रात नुसते काळे-पांढरे फराटे! तिने दोन ओळी खोडल्या. मग मला बाहेर काढलं, बुडबुडा कुठे अडकलाय का ते पाहायला गदागदा हलवलं, परत ठेवलं आणि परत बटण दाबलं. फराटे वाढले. पुन्हा खोडाखोड, पुन्हा माझी गदागदा. माझ्या पोटात ढवळून निघत होतं. चूक तिची की माझी, काही उमगेना. विचारायचं तरी कुणाला?

शेवटी ती बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीत कोसळली. दार उघडंच होतं. तिने फोन लावला.

"आई, मी घरी येतेय. नाही गं, रडत नाहीये. मला हे जमतच नाही. हो, बॅग भरलीये."

बोलणं बराच वेळ चाललं. मी आत तसाच होतो. हळूहळू पोटातलं ढवळणं थांबलं. तेवढ्यात मॅडम आल्या.

"काय गं, तोंड का उतरलंय?"

"मॅडम, मी जाते. सगळं खोडून पाहिलं."

"जा हवं तर. पण आधी सकाळचा प्रोग्राम चालव बघू, काही न खोडलेला."

चित्र आलं. एकसारखं, स्वच्छ, एकही फराटा नाही.

"पण हाच तर सकाळी फसला होता!" धाकटी डोळे चोळत म्हणाली.

मॅडमही चक्रावल्या. मग काचेतून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "सकाळी गोळा ठेवल्यावर किती थांबलीस?"

"थांबायचं असतं?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, सांगायचंच राहिलं! उचललं की आतलं पाणी फिरत राहतं. ते शांत होईपर्यंत बसायचं असतं. तुझ्या प्रोग्रामने तेही टिपलं, एवढा तो चांगला आहे."

धाकटी हसली आणि मग ढसाढसा रडली. चित्र चांगलं आल्यावर कुणी रडतं का? मला ते आजही कळलेलं नाही.

आता माझं बूच झिरपतं. नवा गोळा आल्यापासून मी बहुतेक कपाटातच असतो, आणि वाईट वाटतं. मित्रांनो, इथे शिकायला आलात तर मला किंवा त्या नव्याला दोन्ही हातांनी उचला, अलगद ठेवा आणि थोडं बसा. चित्र बिघडलं म्हणून लगेच स्वतःचं लिहिलेलं खोडू नका. धाकटीने खोडलेल्या सगळ्या ओळी बरोबर होत्या, आणि ती घरी निघाली होती.