पुढनं दोन बोटं कमी

ट्रॅक्टरची सीट फाटली की माणसं आधी वर पोतं टाकत्यात. मग उशी. मग बायकोची जुनी वाकळ. सगळं भिजून कुबट वास सुटला की मग आक्काची आठवण होत्या. आक्का म्हंजे मी. शिवाजी पेठेत तालमीच्या अंगाला माझं कुशनचं दुकान हाय. बुलेट, रिक्षा, सगळ्याच्या सीटा करते, पण गावोगावी नाव हाय ते ट्रॅक्टरच्या सीटांचं.

या सीटा कंपनीत साच्यातनं निघत्यात. आतला फोम आन् वरचं रेक्झिन एकजीव, शिवण कुठंच न्हाय. उनानं तडकली की दुकानदार म्हणतो नवी घ्या. मी म्हणते, आणा इकडं. वरचं कातडं सोलायचं, फोम नीट करायचा, आन् नवं रेक्झिन कापून, शिवून वर चढवायचं. माझा नियम एकच. शिवायच्या आधी सीट बाहेर लाकडी घोडीवर ठेवायची आन् मालकानं तिच्यावर बसून दाखवायचं. भर रस्त्यात, सगळ्या पेठेसमोर. मोठी मोठी माणसं लाजत्यात. लाजू देत की. बूड तुमचं, सीट तुमची, मी का म्हणून अंदाजानं कापू?

तर राधानगरीकडचे गणपतराव सीट घेऊन आले. आडमाप माणूस. तरुणपणी आमच्याच तालमीत राहिलेला, तालमीच्या फुटबॉल टीमचा येडा. पेठेची मॅच असली की शेताला सुट्टी.

"आक्का, होती तशीच करायची," म्हणाले. "या सीटवर माझ्याशिवाय कुणी बसलेलं न्हाय."

"घरात दुसरं कोण चालवत न्हाय?"

"कोण चालवणार? झुंबरबाई?" आन् हसले. "एकदा म्हणाली, मला शिकवा. म्हटलं, तू हात लावलास की ट्रॅक्टर थेट हिरीत. पावणंरावळं बसलेलं, सगळी हसली."

बायकोला चारचौघांत असं बोलायचं आन् वर मला कौतुकानं सांगायचं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण गिऱ्हाईक पडलं. विषय बदलावा म्हणून विचारलं, "रविवारची मॅच बघितलीसा न्हवं?"

"बघितली की. मी चुकवतोय व्हय?"

"कशी झाली?"

"बरी झाली," म्हणाले, आन् टोपी काढून परत डोक्यावर घातली.

आता बघा, रविवारी आमच्या पोरांनी हरलेली मॅच शेवटच्या मिनिटाला मारली. सगळी पेठ गुलालानं माखली. आन् हा येडा म्हणतोय बरी झाली. म्हटलं, वय झालं आता यांचं.

ते गेल्यावर सीट सोलली. मागं फोम अजून घट्ट, आन् पुढच्या काठाला पार भुगा. मला काय उमगंना. एवढा अवजड माणूस टेकून मागं बसणार, मग पुढचा काठ चेपला कुणी? काठावर कोण बसतंय, तर ज्याचा पाय क्लचला पुरत न्हाय ते. मग मात्र मी एकटीच हसत बसले.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई आल्या. माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच. हातात नव्या तांदळाची पिशवी. "गणपतरावांच्या घरनं," म्हणाल्या, आन् पिशवी माझ्या मशीनवर ठेवली. मग हळूच, "सीट पुढनं दोन बोटं कमी करा. आन् रेक्झिन गुळगुळीत नको."

"क्लच लांब पडतोय व्हय?"

बाईचा चेहराच उतरला. खाली स्टुलावर बसल्या. "तुमाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या फोमनं. घाबरू नका, माझ्या तोंडनं बाहेर जाणार न्हाय."

मग सगळं बाहेर आलं. रविवारी मालक मॅचला निघाले की या ट्रॅक्टर काढायच्या. आधी नुसता खळ्यात फिरवला, आता रोटर लावून रान भुसभुशीत करत्यात. "सीट पुढं सरकवली तर त्यांना कळंल," म्हणाल्या. "कळलं तर किल्ली कमरेला बांधतील. आक्का, लग्न झाल्यापास्नं मडगार्डवर बसले वो मी. आता सीटवर बसले, तर परत मडगार्डवर बसवणार न्हाय मला."

"आन् मालकांना संशय न्हाय?"

"छे. घरी आले की मी पहिलं मॅचचंच विचारते. म्हंजे रानाकडं लक्षच जात न्हाय. बरी झाली म्हणत्यात, आन् जेवाय बसत्यात."

म्हटलं, "बसा घोडीवर."

बाई लाजतील असं वाटलं होतं. कुठलं काय! पदर खोचला आन् भर रस्त्यात चढून बसल्या. नसलेला क्लच दाबून दाखवला. मी खडूनं खूण केली, पण सुरी लावताना हात आखडला. दोन बोटं काढली की त्या माणसाला बसल्या बसल्या कळणार. एकच बोट काढलं. म्हटलं, एवढ्यावर भागवा. त्या "बरं" म्हणाल्या, पण मन काय भरलं न्हाय त्यांचं. मला पण वाईट वाटलं.

मग गणपतरावांची बसायची पाळी आली. मी थाप तयार ठेवलेली: नवी पद्धत हाय, पुढनं उतार दिला की पायाला मुंग्या येत न्हाईत. त्यांनी वळखलं तर माझ्या कापण्यानं बाईचा ट्रॅक्टर सुटायचा.

ते बसले. समोरचा चहावाला किटली धरून बघत उभा. गणपतरावांनी पुढच्या काठावरनं हात फिरवला. परत फिरवला.

"पुढनं कमी केलासा."

"नवी पद्धत हाय," मी सुरू केलं.

"आनखी एक बोट काढा," ते म्हणाले. "पाय पुरत न्हाय तिचा. परवा क्लच दाबताना निम्मी खाली घसरलती. माझा जीव गेलता."

मी सुरी खाली ठेवली. "तुमाला ठाऊक हाय?"

"मॅचचा हंगाम सुरू झाल्यापास्नं."

"मग बोलला न्हाईसा?"

"कुठल्या तोंडानं बोलू? पावण्यांत हसलतो तिला." घोडीवरनं उतरले, आन् माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी बांधावर दिसलो तर ती खाली उतरंल, आन् परत चढायची न्हाय. म्हणून मॅचला जातो म्हणायचं आन् उसात दबून बसायचं. आक्का, माझ्यापेक्षा सरळ चालवतीया वो. अभिमान वाटतोय मला."

"मग हे तिला सांगा की. मला काय सांगतासा?"

"सांगणार हाय. जरा धीट होऊ दे."

माझा राग कुठं गेला कळलंच न्हाय. तिथंच त्यांच्यासमोर आनखी एक बोट काढलं. वरनं खडबडीत रेक्झिन चढवलं. ते का, हे त्यांनी विचारलं न्हाय.

सीट जीपमध्ये टाकली, आन् चढायच्या ऐवजी परत आले. चहावाल्याकडं एकदा बघितलं आन् आवाज खाली आणला.

"आक्का, रविवारची मॅच कुणी मारली, तेवढं सांगून ठेवा. नुसतं बरी झाली म्हणून किती दिस भागवू? घरी पाऊल टाकलं की ती पहिलं तेच विचारतीया."